बायोप्सीआधी गोळ्या नकोत

पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही नेहमीप्रमाणे "बघू" म्हणून विषय मिटवलात, म्हणून लिहूनच पाठवते. डॉक्टरांकडे जाताना हा कागद बरोबर न्या.

आईच्या एमआरआयमध्ये दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती खराब दिसते आहे, शेजारी पू असल्याची शंकाही लिहिली आहे. आपल्याकडे असं दिसलं की पहिला अंदाज टीबीचा, आणि पुष्कळदा तो खराही निघतो. तेव्हा "एकेटी (म्हणजे टीबीच्या गोळ्या) सुरू करून टाकू" असं डॉक्टर म्हणाले यात नवल नाही. पण आई इतकी वर्षं संधिवातासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट घेते आहे, दोन्ही प्रतिकारशक्ती दाबतात, वर साखर. अशा माणसाच्या मणक्यात बुरशीसुद्धा शिरते, आणि फिल्मवर ती टीबीसारखीच दिसू शकते. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, स्टिरॉइड ताप दाबून टाकतं. रात्री पडून राहिल्यावरही न थांबणारी कळ मला जास्त खटकते.

ॲस्परजिलस नावाची बुरशी ओल्या भिंतीवर, खतात, कुजक्या कडब्यात कुठेही असते. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो आणि धडधाकट शरीर त्यांचा परस्पर निकाल लावतं. स्टिरॉइडवर असलेल्या शरीराला ते दर वेळी जमत नाही. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मणक्यात असा तिचा प्रवास होऊ शकतो. 2021 मध्ये कोरोनातून उठलेल्या काही जणांच्या मणक्यात ती इथे पुण्यातच सापडली होती. तेव्हा सगळीकडे बोलबाला म्युकरचा, म्हणजे "काळ्या बुरशीचा" होता, त्यात हे मागे पडलं.

"मग एकेटी देऊन बघायला काय हरकत आहे?" हा तुमचा प्रश्न. हरकत आहे. टीबीच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही, आणि त्या लागू पडत नाहीत हे कळेपर्यंत महिने जातात. त्यातली रिफाम्पिसिन तर ॲस्परजिलसवरच्या व्होरिकोनाझोलचं रक्तातलं प्रमाण इतकं खाली आणते की दोन्ही एकत्र देत नाहीत. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही तो परिणाम काही दिवस टिकतो. शिवाय टीबीच असला, तरी आधी गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्यात, तो सापडणं अवघड. म्हणजे दोन्हीकडून नुकसान आपलंच.

म्हणून आधी बायोप्सी, म्हणजे खराब जागेचा छोटा तुकडा काढून तपासणं. तिला घाबरू नकोस आई. पालथं झोपवून, तेवढी जागा बधिर करून, सीटी स्कॅनवर बघत पाठीतून सुई घालतात. खरी मेख पुढे आहे, आणि लॅबमध्ये असल्यामुळे ती मी रोज बघते: सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत जातो आणि आमच्यापर्यंत कल्चरसाठी काही येतच नाही. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग वाढवणार काय? म्हणून आधीच सांगून ठेवा, थोडा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि बाकीचा निर्जंतुक सलाईनमध्ये. सलाईनमधल्या तुकड्यावर जीन एक्सपर्ट (टीबीची झटपट तपासणी), टीबीचं कल्चर, साध्या जंतूंचं कल्चर आणि बुरशीसाठी केओएच (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघायची तपासणी) व कल्चर, सगळं मागा. बुरशीचं नाव चिठ्ठीवर लिहिलं नाही तर पुष्कळ ठिकाणी ती तपासणी होत नाही.

बुरशी निघाली तर औषध लांबतं, सहसा सहा महिन्यांहून जास्त. व्होरिकोनाझोल जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यायचं, ऊन टाळायचं, लिव्हरच्या तपासण्या करत राहायचं. काहींना गोळीनंतर थोडा वेळ डोळ्यांपुढे लखलखतं. ते तेव्हाचं तेव्हा बघू.

कंबरेत इंजेक्शन घेऊन बरं वाटेल असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. ते स्टिरॉइडचं असतं, आणि संसर्गाची शंका असताना तिथे आणखी स्टिरॉइड नको. अमेरिकेत 2012 मध्ये अशी इंजेक्शनंच बुरशीने दूषित निघाली होती. 20 राज्यांत साडेसातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि साठाहून जास्त दगावले. त्यातले कित्येक नुसती पाठदुखी घेऊन आले होते.

आई, हे वाचून घाबरून प्रेडनिसोलोन मात्र एकदम बंद करू नकोस, रक्तदाब पार खाली जाईल. मेथोट्रेक्सेटचं काय करायचं ते संधिवाताचे डॉक्टर ठरवतील. आणि पायातली ताकद कमी वाटली, मुंग्या वर चढू लागल्या, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. बाबा, त्याच रात्री गाडी करून मोठ्या हॉस्पिटलात, आणि निघतानाच मला फोन.

शनिवारी मी येतेच आहे. एमआरआयची फिल्म आणि सीडी, जुने रिपोर्ट, साखरेची वही एका पिशवीत काढून ठेवा. आत्या मालिशचं तेल घेऊन येईल, तिला सांगा मीनूने पाठ चोळायला साफ मनाई केली आहे. रागावली तर माझ्यावर रागावू दे.

तुमची,
मीनू