रूसोचे कौतुक पुरे, जाहीरनामा पूर्ण छापा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील युरोपातील प्रबोधनयुगावरील लेख वाचला. लेखकाची शैली ओघवती आहे, याबद्दल वाद नाही. लॉक, माँतेस्क्यू आणि रूसो या विचारवंतांनी ग्रंथ लिहावेत, फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ऑगस्ट 1789 मध्ये त्यांच्या विचारांतून माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा करावा आणि प्रजेचे एका रात्रीत नागरिक व्हावेत, हे सारे वाचायला फार छान वाटते. मात्र 1791 च्या राज्यघटनेने मताचा अधिकार दिला तो पंचवीस वर्षांवरील आणि निदान तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांनाच, ही किरकोळ बाब लेखकाच्या नजरेतून निसटलेली दिसते.

त्याच वर्षी ओलांप द गूज या फ्रेंच नाटककार बाईंनी स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधमंचावर चढण्याचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असे त्यांनी त्यात बजावले होते. पहिला हक्क त्यांना नोव्हेंबर 1793 मध्ये तत्परतेने बजावू देण्यात आला. मतदानाच्या हक्कासाठी मात्र फ्रेंच स्त्रियांना 1944 पर्यंत थांबावे लागले.

मी इतिहास शिकवत असताना नववीतील एका मुलीने सहामाहीच्या पेपरात नेमके हेच लिहिले होते. मी पूर्ण गुण दिले. फेरतपासणी करणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या परिच्छेदावर लाल रेघ ओढली, समासात ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि पाचाचे दोन केले. मी जाब विचारला तेव्हा पाठ्यपुस्तक पुढे सरकवून ‘यात दाखवा’ म्हणाले. त्यात ते नव्हतेच. गुण काही वाढले नाहीत आणि त्या मुलीने पुढे पुस्तकाबाहेरचे एक अक्षरही लिहिले नाही, याचा राग मला आजही येतो. आपल्या विद्वान लेखकांनाही बहुधा तेच पाठ्यपुस्तक असावे!

‘त्या काळी सगळे असाच विचार करत’ ही सबब कृपया देऊ नये. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी 1790 मध्येच स्त्रियांना नागरिकत्व द्या, असे स्पष्ट लिहिले होते. उलट ज्या रूसोवर लेखकाने दीड रकाना उधळला आहे, त्याने ‘सामाजिक करार’ प्रसिद्ध झाला त्याच 1762 साली ‘एमिल’ या शिक्षणावरील ग्रंथात मुलींचे शिक्षण पुरुषांच्या सोयीपुरते ठरवून टाकले, आणि त्याचा समाचार घेण्याचे काम 1792 मध्ये इंग्लिश लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट यांना करावे लागले.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीत जाहीरनाम्याचे पहिले कलम अर्धेच छापले आहे. सामाजिक भेद केवळ सार्वजनिक हिताच्या आधारावरच असू शकतात, हे त्यातले दुसरे वाक्य गायब असून त्या जागी सोफासेटची जाहिरात आहे. उरलेले अर्धे करड्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत असल्याने तेही भिंग घेऊनच वाचावे लागले. पुढील रविवारी ते कलम पूर्ण आणि काळ्या शाईत छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज