सौमित्रबाबूंचा आवाज राहून गेला

महोदय,
स. न. वि. वि.

बंगाली अभिनेते सौमित्र चॅटर्जींच्या जन्मदिनानिमित्त (१९ जानेवारी) आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सत्यजित राय यांच्याबरोबरचे १४ चित्रपट, फाळके पुरस्कार, सगळं चोख. पण त्यांच्या कवितावाचनावर एक ओळसुद्धा नाही, म्हणून हे पत्र. (आपल्याकडे 'सौमित्र' म्हटलं की किशोर कदम आठवतात. तेही नट आणि कवीच, हा योगायोग मोठा गोड आहे.)

मी बँकेत होतो. बदलीमुळे तेव्हाच्या कलकत्त्यात तीन वर्षं काढली. भवानीपूरला आमचे घरमालक संध्याकाळी एक कॅसेट लावत. विचारलं तर म्हणाले, 'आबृत्ति'. मला वाटलं, कुठल्या पुस्तकाची आवृत्ती! तिकडे कविता म्हणण्याला तो शब्द आहे, हे नंतर कळलं. कविता जीवनानंद दासांची होती, आवाज सौमित्रबाबूंचा. मला शब्द कळले दोन-चार. पण मागे ना बासरी, ना सतार. ओळ संपली की हा माणूस थांबायचा आणि त्या जागेत फक्त टेपची खरखर ऐकू यायची. आपल्याकडे करुण ओळ आली रे आली की वाचणाऱ्याचा गळा कापरा होतो. इथे तसलं काही नाही. मालक डोळे मिटून बसलेले, हातातला चहा गार.

'अपुर संसार' मी त्यानंतर पाहिला. १९५९ चा, त्यांचा पहिलाच चित्रपट; त्याआधी ते आकाशवाणीवर निवेदक होते. अपू सिगारेटचं पाकीट उघडतो तर आत बायकोची चिठ्ठी : जेवणानंतर एकच, असं कबूल केलंय. पुढे काही बोलणं नाही, पण कॅसेटवरचं ते थांबणं मला तिथे ओळखू आलं.

त्याच माणसाने १९६१ मध्ये 'झिंदेर बंदी'त उत्तमकुमारसमोर खलनायक रंगवला आणि पुढच्याच वर्षी 'अभिजान'मधला तापट टॅक्सीवाला नरसिंग. मग दुष्काळातल्या गावचा भटजी, गुप्तहेर फेलूदा, 'कोनी'तला पोहण्याचा खडूस प्रशिक्षक आणि पंचाहत्तरीत रंगभूमीवर राजा लिअर. मला विचाराल तर नरसिंग सगळ्यांत वरचा, कारण तिथे त्यांनी स्वतःचा तो सुसंस्कृत आवाजच बाजूला ठेवला. आवाजावर इतका ताबा असणाऱ्यालाच ते जमतं. ते स्वतः कविता लिहीत, निर्माल्य आचार्यांबरोबर 'एक्षण' हे वाङ्मयीन नियतकालिक चालवत. त्याची मुखपृष्ठं राय करून देत. हेही लेखात हवं होतं.

माझी बदली झाली तेव्हा मालकांनी ती कॅसेट मला दिली. एका ठिकाणी टेप चुरगळली आहे, तिथे दोन ओळी गिळल्या जातात. आपल्या प्रतिनिधीला ऐकायची असल्यास जरूर पाठवा. टेपरेकॉर्डर मात्र त्यांनी आणावा, माझा बंद पडलाय.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे