दहावीला थांबलेल्या मुलींसाठी कोर्ट मोकळे ठेवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुलींच्या खेळातल्या गळतीवर आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख वाचला. दहावीच्या वर्षी रॅकेट माळ्यावर जाते, हे त्यात लिहिलेले अगदी खरे आहे. शाळेत खेळ शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि हा प्रकार दर जूनला बघितला. क्लासची वेळ संध्याकाळची लागली की आई येऊन सांगायची, ‘बाई, आता वर्षभर खेळ बंद.’ ते वर्षभर पुढे बारावीपर्यंत, मग डिग्रीपर्यंत, मग लग्नापर्यंत लांबायचे. पण लेखात या मुलींना ‘वाया गेलेली गुणवत्ता’ म्हटले आहे, ते मला मान्य नाही. खेळ थांबला की संपलाच, असे आपण धरून चालतो. त्यामुळे यांतली एखादी पुढे परत आली, तर तिला कुठे उभे करायचे याची कुणी सोयच केलेली नसते. जपानची टेनिसपटू किमिको दाते हिच्याबद्दल लिहायला बसले आहे ते याचसाठी.

पुणेकरांनी तिला पाहिले आहे. नोव्हेंबर 2012मध्ये बालेवाडीला डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेची 125 दर्जाची स्पर्धा झाली, तिच्या अंतिम फेरीत ती होती. फलकावरचे आडनाव वाचून शेजारचे एक आजोबा ‘या आपल्यापैकीच का?’ असे मनापासून विचारत होते. त्यांना जपान सांगितले आणि वय सांगितले, 42. समोर युक्रेनची एलिना स्विटोलिना होती, 18 वर्षांची. दाते 6-2, 6-3 अशी हरली. मी मात्र चेंडूपेक्षा तिच्या पायांकडेच बघत राहिले. ती बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेषा, सोडून मागे सरतच नव्हती. टप्पा पडून चेंडू गुडघ्यापर्यंत येतो न येतो तोच रॅकेट त्याला लागलेली असायची. हात मागे जेमतेम वीतभर जायचा आणि चेंडू जाळीला घासून सपाट निघायचा. उंची 163 सेंटिमीटर, तेव्हा सहा फुटी मुलींच्या ताकदीपुढे तिने वेळ हेच हत्यार केले होते. समोरचीला सावरायला सवडच द्यायची नाही. बेचाळिसाव्या वर्षी असे खेळायचे तर डोळा आणि पाय किती तयार लागतात, हे खेळ शिकवणाऱ्यांना सांगायला नको.

1970 साली क्योटोत जन्मलेली दाते मूळची डावखुरी, टेनिस मात्र उजव्या हाताने खेळली. तिची पहिली कारकीर्दसुद्धा एखादीला जन्मभर पुरावी अशी आहे. 1994ला ऑस्ट्रेलियन, 1995ला फ्रेंच आणि 1996ला विम्बल्डन, तिन्हीकडे ती उपांत्य फेरीत पोचली. नोव्हेंबर 1995मध्ये जागतिक क्रमवारीत चौथी होती. एप्रिल 1996मध्ये टोकियोच्या आरियाके स्टेडियमवर फेड कप या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेच्या लढतीत तिने स्टेफी ग्राफला 7-6, 3-6, 12-10 असे हरवले. त्याच वर्षी विम्बल्डनला प्रेक्षकांतल्या कुणीतरी ग्राफला ‘माझ्याशी लग्न करशील का?’ असे ओरडून विचारले आणि तिने ‘तुझ्याकडे पैसे किती आहेत?’ असे उत्तर दिले. तो किस्सा अजून लोक एकमेकांना सांगतात, पण त्या उपांत्य सामन्यात जाळीपलीकडे दाते उभी होती हे फार थोड्यांना आठवते. तिने दुसरा सेट 6-2 असा खेचून घेतला होता. अंधारामुळे सामना दुसऱ्या दिवसावर गेला आणि तिसरा सेट ग्राफने 6-3 असा घेतला.

त्याच वर्षाच्या अखेरीस, जगातल्या पहिल्या दहांत असताना, वयाच्या 26व्या वर्षी ती थांबली. सततचा प्रवास आणि जिंकण्याचे दडपण नको झाले होते. त्यानंतरची जवळपास बारा वर्षे ती स्पर्धांत उतरली नाही. 2001मध्ये मिखाएल क्रुम या जर्मन मोटार-रेसरशी लग्न केले, लहान मुलांना टेनिस शिकवले, 2004ला लंडन मॅरेथॉन धावली. त्या काळात तिच्यावरही ‘ऐन भरात सोडून गेलेली’ असा लेख सहज लिहिता आला असता.

मार्च 2008मध्ये ग्राफ आणि मार्टिना नवरातिलोवा यांच्याबरोबर टोकियोत एक प्रदर्शनी सामना झाला. त्याच्या सरावात तिला खेळाची गोडी पुन्हा लागली. नवऱ्यानेही ‘परत खेळ’ म्हणून पाठ धरली. पुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एके काळची जगातली चौथी खेळाडू, वय 37, आता क्रमवारीत नाव नाही. मे महिन्यात गिफू शहरातल्या छोट्या स्पर्धेत ती पात्रता फेरीपासून खेळली, तिथून एकेरीच्या अंतिम फेरीत गेली आणि दुहेरी जिंकली. दुहेरीची जोडीदार होती कुरुमी नारा, वय 16. ‘मी कोण होते’ हे बाजूला ठेवून पात्रता फेरीच्या यादीत नाव लिहायला केवढे मोठे मन लागते! त्याच वर्षी ती जपानची राष्ट्रीय विजेतीही झाली.

सप्टेंबर 2009मध्ये सोलची स्पर्धा तिने जिंकली, 39 पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना. एवढ्या वयात डब्ल्यूटीएचे एकेरी विजेतेपद मिळवणारी खुल्या युगात, म्हणजे 1968ला व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्यापासून, तिच्याआधी एकच, बिली जीन किंग. 2010ला पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये तिने जगात नवव्या क्रमांकावरच्या दिनारा साफिनाला घरी पाठवले. 2011ला विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर व्हीनस विल्यम्सला जवळजवळ तीन तास झुंजवले आणि तिसऱ्या सेटमध्ये 8-6 असा सामना गमावला. 2013च्या जानेवारीत, म्हणजे बालेवाडीनंतर दोनच महिन्यांनी, मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बारावे मानांकन असलेल्या नादिया पेत्रोवाचा 6-2, 6-0 असा धुव्वा उडवला. 2014ला अमेरिकन ओपनच्या दुहेरीत उपांत्य फेरी गाठली.

पहिल्या फेरीतले पराभवही पुष्कळ झाले. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. सप्टेंबर 2017मध्ये टोकियोत तिने अखेरचा सामना 6-0, 6-0 असा हरला. तोही स्कोअर मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे ‘या वयात हरलीस तर लोक काय म्हणतील’ या धास्तीनेच कित्येकजणी परत मैदानावर येत नाहीत. 46 वर्षांची बाई स्वतःच्या देशातल्या प्रेक्षकांसमोर एकही गेम न मिळवता हरली, आणि त्याच प्रेक्षकांचा हात हलवून निरोप घेऊन गेली. तिचे काय कमी झाले?

बालेवाडीची ती 18 वर्षांची स्विटोलिना पुढे जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. ऑक्टोबर 2022मध्ये तिला मुलगी झाली, एप्रिल 2023मध्ये ती परत खेळायला लागली आणि त्याच जुलैत विम्बल्डनला तेव्हा जगात पहिल्या असलेल्या इगा स्वियातेकला हरवून उपांत्य फेरीत पोचली. आपल्या सानिया मिर्झानेही मुलाच्या जन्मानंतर जानेवारी 2020मध्ये होबार्टला दुहेरीचे विजेतेपद मिळवले.

आता आपल्या गल्लीतले सांगते. निवृत्त झाल्यावर मी घराजवळच्या कोर्टावर मुलांना शिकवायला जाते. तिथे अधूनमधून चाळिशीतल्या बायका बिचकत येतात. कुणी नववीपर्यंत जिल्हा पातळीवर खेळलेली असते, कुणी आंतरशालेय. हातात तीच जुनी रॅकेट असते. तारा सैल झालेल्या असतात, ग्रीपचा रबर इतका कुजलेला की तळहाताला काळा लागतो. ‘बाई, आता सुरू केलं तर जमेल का?’ पहिले पाच-सात चेंडू जाळीत जातात, आणि मग एक फोरहँड असा येतो की शाळेतली मुलगी ओळखू यावी. हाताने काहीच विसरलेले नसते.

एवढे झाल्यावर वेळेचा प्रश्न येतो. दिव्याखालचे संध्याकाळचे तास जुन्या सभासदांच्या पुरुष दुहेरीसाठी वर्षानुवर्षे ठरलेले. बायकांना सकाळी साडेदहाची वेळ मिळते. एप्रिलमध्ये त्या वेळी कोर्टावर बुटातून चटका बसतो, आणि नोकरी करणारीला ती वेळ मुळातच निरुपयोगी. स्पर्धेच्या पत्रकात महिलांचा पस्तिशीपुढचा गट छापलेला असतो, पण ‘प्रवेशिका कमी’ म्हणून तो आदल्या दिवशी रद्द होतो. सरावच करू दिला नाही तर प्रवेशिका येणार कुठून? आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या मास्टर्स स्पर्धांत महिलांचे 30, 35, 40 असे गट चढत जातात. म्हणजे जगाने ही सोय कधीच केली आहे.

क्लब आणि क्रीडासंकुले चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते आठ, दिव्याखालचे एक कोर्ट पस्तिशीपुढच्या महिलांसाठी राखून ठेवा. स्पर्धेत चारच नावे आली तरी साखळी पद्धतीने खेळवा, गट रद्द करू नका. आणि संपादक महाराज, आपल्याकडेही एक मागणे आहे. जिल्हा स्पर्धांचे निकाल आपण रोज छापता, त्यांत या गटाच्या विजेतीचे आणि तिच्याकडून हरलेलीचे नाव स्कोअरसकट द्या. 6-0, 6-0 असला तरी द्या.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, पुणे