तुमच्या 'गंजलेल्या' मदरबोर्डवरच हे पत्र टाइप करते आहे

देवगड, जि. सिंधुदुर्ग
१८ जून

प्रति,
मा. तक्रार अधिकारी,
मदरबोर्ड विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : अर्धवट राहिलेले बायोस अपडेट, 'गंज' दाखवून नाकारलेली वॉरंटी आणि घेतलेली तपासणी फी

महोदय,

देवगडात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. सातबारा, दाखल्यांचे अर्ज, लग्नपत्रिका आणि मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांचे स्टिकर. गेल्या वर्षी तुमचा मदरबोर्ड घेतला, तीन वर्षांची वॉरंटी बघून. बिलाची प्रत सोबत आहे.

२२ मे रोजी संध्याकाळी तुमच्या कंपनीच्या अपडेट प्रोग्रामने पडद्यावर यादी दाखवली: साउंडचा ड्रायव्हर, लॅनचा ड्रायव्हर आणि त्याच रांगेत, त्याच अक्षरात, 'बायोस', म्हणजे संगणक चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम. तिन्हींपुढे टिक आधीच केलेली. मी 'ओके' दाबलं. ते माझंच बोट होतं, नाकारत नाही. पण साउंडचा ड्रायव्हर बिघडला तर गाणी बंद होतात. बायोस बिघडला तर संगणक उठतच नाही. हा फरक त्या यादीत कुठे होता?

संगणक स्वतःहून रीस्टार्ट झाला. काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी सरकू लागली. 'बंद करू नका' एवढंच वाक्य. किती मिनिटं लागतील याचा उल्लेख नाही. पट्टी ३७ टक्क्यांवर असताना वळीव आला आणि लाईट गेली. यूपीएस होता, ६०० व्हीएचा. त्याची बॅटरी जुनी झालेली, तेवढा दोष माझा. दोन मिनिटं कुईंकुईं करून तो गप्प झाला. मे अखेरीस आमच्याकडे संध्याकाळी ढग भरले की लाईट जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. सात-आठ मिनिटांचं काम आहे आणि मध्ये तुटलं तर बोर्ड मेला, एवढं एक वाक्य आधी दिसलं असतं तर मी ते सकाळी केलं असतं, नव्या बॅटरीवर.

लाईट आल्यावर पंखे फिरत होते, पडदा काळा. तुमच्या फोनवरच्या मुलाने मला तीनदा बोर्डावरचा गोल सेल काढून परत बसवायला लावला. तो सीआर २०३२ सेल घड्याळ आणि सेटिंग सांभाळतो. बायोसचं लिखाण असतं वेगळ्या चिपमध्ये, तिला सेल लागत नाही. सेटिंग चुकली असती तर सेल काढून उपयोग झाला असता. इथे लिखाणच अर्धं राहिलं होतं. हे मला नंतर कळलं, त्याला आधी माहीत असायला हवं होतं. तुमच्या महागड्या बोर्डांना मागे एक बटण असतं, ते दाबलं की पेनड्राइव्हवरून बायोस लिहिला जातो, प्रोसेसर न बसवताही. माझ्या बोर्डाला ते नाही, दुसरी राखीव चिपही नाही. मग अशा बोर्डाला तरी विंडोजमधून, एका टिकेवर, अपडेट कशाला करू देता?

बोर्ड घेऊन मी फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला तुमच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. नऊ दिवसांनी उत्तर आलं: 'बोर्डवर गंज, वॉरंटीबाहेर. नवीन बोर्ड घ्यावा.' वर तपासणी फी ५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. गंजाचा फोटोही दिला आहे. तो नीट बघा. मागच्या पोर्टांच्या पत्र्याच्या कडेला तपकिरी डाग आहे, बस. चिपच्या, प्रोसेसरच्या, रॅमच्या आसपास काही नाही.

साहेब, माझं दुकान समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. इथे स्टेपलरच्या पिना पावसाळ्यात डबीतच एकमेकींना चिकटतात. छताच्या पंख्याचे स्क्रू, कपाटाची बिजागरी, सगळ्याला असा डाग आहे आणि सगळं चालू आहे. खारा वारा वॉरंटीत बसत नसेल तर खोक्यावर तसं छापा, किनाऱ्यावरचं गिऱ्हाईक तुमच्या वाटेला येणार नाही.

शेवटी कणकवलीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "बोर्ड बरो आसा ओ ताई. काय एक जावक नाय." बायोसची आठ पायांची ती चिप, दोन तांदूळ शेजारी ठेवावेत एवढी. त्याने तिच्यावर चिमट्यासारखी क्लिप लावली. ती दोनदा निसटली. चिप ३.३ व्होल्टची. बाजारातले स्वस्त काळे 'प्रोग्रामर', म्हणजे चिपमध्ये लिहायची यंत्रं, तारांवर ५ व्होल्ट सोडतात, म्हणून त्याने आपला सुधारून घेतलेला. आधी चिपमध्ये जे उरलं होतं ते दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळवल्या आणि जपून ठेवल्या, कारण बोर्डाचा सिरियल नंबर आणि लॅनचा पत्ता त्यातच असतो. नुसती डाउनलोड केलेली फाइल ओतली तर तो पुसला जातो. मग तुमच्याच वेबसाइटवरची फाइल घेतली, बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर जुळवला, फाइलचं वरचं टरफल काढून ती बरोबर १६ एमबी केली, म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट, जपलेला नंबर आणि पत्ता तिच्यात घातला आणि लिहिली. लिहिलेलं परत वाचून ताडून पाहिलं. चहा गार व्हायच्या आत पडद्यावर तुमचा लोगो. त्याने १,२०० रुपये घेतले.

तरी काम संपलं नाही. चिप नव्याने लिहिल्यामुळे विंडोजने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. डिस्कला विंडोजच्या 'बिटलॉकर'चं कुलूप लागलेलं आहे आणि ही की त्याची किल्ली, हेच मला माहीत नव्हतं. ती की निघाली पुण्यातल्या मुलाच्या अकाउंटवर, कारण विंडोज त्याने सुरू करून दिलं होतं. अपडेटच्या आधी बिटलॉकर तात्पुरता थांबवायचा असतो. तुमच्या प्रोग्रामने तो थांबवला नाही, मला सांगितलंही नाही. मुलाचा फोन लागला नसता तर अठरा वर्षांचे मजकूर गेले होते.

अपडेट करूच नये असं माझं म्हणणं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये 'लोगोफेल' नावाचं सुरक्षेतलं भोक उघड झालं, सुरुवातीला दिसणाऱ्या लोगोच्या चित्रातूनच बायोसमध्ये शिरता येत होतं. अशा भोकांना बायोस अपडेटच लागतं. म्हणूनच ते ड्रायव्हरच्या रांगेत, आधीच टिक करून, ठेवायची गोष्ट नाही. ते यादीतून बाजूला काढा. सुरू होण्याआधी किती मिनिटं लागतील, यूपीएस आहे का, रिकव्हरी की हाताशी आहे का, हे विचारा, आणि मराठीतून विचारा.

माझ्यापुरतं सांगायचं तर तपासणी फी ५९०, दुरुस्तीचे १,२०० आणि एसटीच्या फेऱ्यांचे ६४०, असे २,४३० रुपये परत हवेत. सेवा केंद्राचा 'गंज' हा शेरा लेखी मागे घेऊन उरलेली वॉरंटी कायम असल्याचं पत्र हवं. बुडालेल्या स्टिकरांचा हिशेब मी मांडत नाही. पेट्या कोऱ्याच गेल्या, आंबा गोडच लागला असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. लोकांचे अर्ज भरून देणं हाच माझा धंदा आहे.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : खरेदी बिल, सेवा केंद्राचा अहवाल व फोटो, ५९० रुपयांची पावती, दुरुस्तीचं बिल, एसटीची तिकिटं आणि माझ्या छताच्या पंख्याच्या स्क्रूचा एक फोटो, तुलनेसाठी.