आखाजीच्या दोन दुपारी: एका माहेरवाशिणीला आभाराचं पत्र

बेटा,

"मावशी, मनं नाव लिखू नको," असं तू जाताना बजावलंस, म्हणून नाव लिहीत नाही. गावाला कळायचं ते कळेलच. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं ठेवते आहे, कारण आमच्या अभ्यासिकेत तू संगणक अपडेट करायचं जे शिकवून गेलीस ते इतर गावांच्या वाचनालयांनाही हवं आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलेल्या लेकीला माहेरचे दिवस मिळून मिळून किती मिळतात? झोका, गौराईची गाणी, आईच्या हातचा आमरस. त्यातल्या दोन दुपारी, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तू पत्र्याच्या त्या खोलीत माझ्या शेजारी बसलीस. तुझी आई दोनदा बोलवायला आली, ते मी विसरलेली नाही.

आमची संगणकाची ९ मशीन, सगळ्यांवर डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली. बसवून दिली तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. बसवणारा सांगून गेला होता, "चालतंय ना, मग अपडेट करू नका, बंद पडेल." मी ते धरून बसले. पुढे ब्राउझर इतका जुना झाला की भरतीच्या अर्जाचं पान अर्धंच उघडायचं. शेवटच्या तारखेला एक पोरगी रडवेली होऊन तालुक्याला पळाली, अर्ज भरायला. ते मला फार लागलं होतं. तुला सांगितलं आणि तू चप्पल घालून निघालीस.

तू कीबोर्ड हातात घेतला असतास तर तासाभरात काम झालं असतं. तू घेतला नाहीस. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावलीस आणि मलाच टाइप करायला लावलंस: सुडो ॲप्ट अपडेट. ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये प्रोग्रॅम आणून बसवणारा. पासवर्ड टाकताना पडद्यावर एक ठिपकाही उमटेना, तेव्हा मला वाटलं कीबोर्डच गेला. तू म्हणालीस, तो दाखवतच नाही, टाकत राहा.

मग मला वाटलं झालं अपडेट. तिथे तू थांबवलंस. केळीच्या बाजाराचं तुझं उदाहरण मी आता सगळ्या पोरांना देते: अपडेट म्हणजे आज कशाचा काय भाव आहे ते फलकावर वाचून येणं, माल घरी येतो तो अपग्रेडने. पहिल्या आज्ञेने फक्त यादी ताजी होते, मशीनमधलं काहीच बदलत नाही. यादीवर डेबियनची सही असते आणि ॲप्ट ती तपासून घेतो, म्हणून वाटेत कुणी खोटा माल घुसवू शकत नाही, हेही तेव्हाच कळलं. मग सुडो ॲप्ट अपग्रेड. किती पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, बदलणार, किती डाउनलोड होणार, डिस्कवर किती जागा लागणार, सगळं सांगून तो हो की नाही विचारतो. मी लगेच एंटर दाबायला गेले तर तू माझा हात धरलास. "मावशी, ते काय सांगी राहिनं ते आधी वाच."

वाचलं. चारशेच्या वर पॅकेजेस, जवळजवळ १ जीबी. एका मशीनला १, तर नवांना ९ जीबी, आणि आपलं नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला २ जीबी. मी तर आवरायलाच लागले होते. तू मात्र पहिल्या मशीनवर ॲप्ट कॅशर एनजी बसवलंस आणि बाकी आठांना एका ओळीत सांगितलंस की पॅकेज हवं असेल तर आधी या मशीनकडे मागा, ३१४२ नंबरच्या पोर्टवर. एक मशीन नेटवरून आणतं, बाकीची खोलीतल्या खोलीत त्याच्याकडून घेतात. गावच्या टाकीला एकदा पाणी चढवायचं आणि तिथून घरोघर नळ, तसं. माझ्या दृष्टीने या दोन दुपारींतली सगळ्यात मोठी गोष्ट ही. शहरातल्या माणसाला डेटा मोजावा लागत नाही. आम्हाला लागतो, आणि तू तो हिशोब न सांगता धरलास.

मी विचारलं होतं, चाललेलं कशाला हलवायचं? तू २०१७ची गोष्ट सांगितलीस. वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस मे महिन्यात जगभर पसरला, पण विंडोजमधल्या त्या फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या फायली अडकल्या. त्या दिवसापासून "चालतंय ना" हे मी म्हणत नाही. हिशोबाच्या वेगळ्या विंडोज मशीनवरही आता विंगेट अपग्रेड ही तिथली तशीच आज्ञा चालवून यादी बघते, मग ठरवते.

आता जे तुला फोनवर धड सांगता आलं नाही ते. तू गेल्यावर, रोहिणीत वादळ झालं. केळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि ४ नंबरच्या मशीनवर अपग्रेड अर्ध्यावर असताना लाइट गेली. यूपीएसने दोन मिनिटंही तग धरला नाही. रात्री लाइट आल्यावर मशीन सुरू झालं, पण ॲप्ट काही केल्या पुढे जाईना. पोटात गोळाच आला. तुला फोन लावला, तर तू एवढंच विचारलंस, "पडद्यावर काय लिहिलंय?" मी एकेक अक्षर वाचून दाखवलं. डीपीकेजीचं, म्हणजे ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस बसवणाऱ्याचं, काम मध्येच थांबलं आहे, ही आज्ञा हाताने चालवा, असं त्यातच लिहिलेलं होतं. आज्ञाही तिथेच होती: सुडो डीपीकेजी, दोन रेघा लावून कॉन्फिगर, मग एक रेघ आणि ए. उघडलेली पण जागेवर न बसलेली पॅकेजेस एकेक करून बसायला लागली. तुझ्याकडे बाळ रडत होतं, तरी शेवटची ओळ येईपर्यंत तू फोन ठेवला नाहीस.

आता दर रविवारी सकाळी, लाइट बघून, मी आणि अकरावीच्या दोन मुली बसतो. तू सुरू करून दिलेल्या वहीत तारीख आणि पॅकेजेसची संख्या लिहितो. पहिल्या पानावर तुझं अक्षर आहे. गेल्या रविवारी एकीने मला एंटर दाबताना अडवलं आणि यादी मोठ्याने वाचली. शिष्यवृत्तीचे अर्ज यंदा इथूनच गेले, तालुक्याला कुणाला जावं लागलं नाही.

पुढच्या आखाजीला ये. झोका निंबाला बांधून ठेवते, आणि दुपारभर तू त्याच्यावरच बस. वांग्याचं भरीत माझ्याकडून.

तुझी,
वाचनालयवाली मावशी