दोनशे मीटरवरची पॉइंट टू-टू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर लांब पल्ल्याच्या नेमबाजीविषयी आलेला लेख दोनदा वाचला. हजार मीटरचे पल्ले, मोठ्या रायफली, भारी दुर्बिणी, सगळं तपशिलात होतं. .२२ (पॉइंट टू-टू) रिमफायर, म्हणजे पाव इंचाहून बारीक नळीच्या छोट्या रायफलीची मात्र एका वाक्यात बोळवण केली होती. ती शिकाऊ मुलांसाठी ठीक, पन्नास मीटरच्या पुढे तिचा उपयोग नाही, असा त्याचा आशय. राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. बावीस वर्षं चटईवर पालथी पडून याच रायफलीनं नेम धरते आहे, आणि निवृत्तीनंतर मुलांना शिकवते. त्या अनुभवावरून ठामपणे सांगते की दोनशे मीटरवर ही रायफल माणसाला जे शिकवते, ते मोठी रायफल त्याच अंतरावर शिकवू शकत नाही.

कारण साधं आहे. हे काडतूस १८८७ सालचं, आणि त्याची मूळ मापं अजून तीच आहेत. गोळी शिशाची, वजन अवघं २.६ ग्रॅम. सामन्यासाठीच्या काडतुसातली गोळी नळीतून सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर वेगानं निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खालून. हे मुद्दाम केलेलं असतं. जास्त वेगाची काडतुसं मिळतात, पण त्यांची गोळी शंभर मीटरच्या आतच आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि त्या उतरणीत हवेचा मार खाते. नव्या मुलांना हे पटत नाही, पण आडव्या वाऱ्यात ती वेगवान गोळी संथ गोळीपेक्षा जास्त सरकते. मी दोन्ही एकाच सकाळी, एकाच वाऱ्यात मारून दाखवते, तेव्हा कुठे पटतं.

आता पन्नास मीटरला नेम बसवलेली रायफल घ्या आणि काहीही न बदलता शंभरावर मारा. गोळी वीतभर खाली लागते. दोनशेवर ती साधारण दीड मीटर खाली जाते. दुर्बिणीचा एक क्लिक, म्हणजे नेम वर-खाली करणाऱ्या चकतीचा एक टप्पा, तिथे दोन सेंटिमीटरचा धरला तर ऐंशीच्या आसपास क्लिक वर चढवावे लागतात. पुष्कळ दुर्बिणींची चकती तोवर अडते, म्हणून त्यांच्याखाली पुढे उतरती बैठक बसवावी लागते. रायफल बाजूला नुसती दोन अंश कलली तरी गोळी सहा-सात सेंटिमीटर बाजूला पडते. मोठ्या रायफलीचा तेवढाच कल त्या अंतरावर सेंटिमीटरभर दाखवेल, आणि मारणाऱ्याला वाटेल सगळं ठीक आहे. म्हणूनच मी दुर्बिणीवर पाणसळीची छोटी नळी बसवते आणि चाप ओढण्याआधी तिच्यातला बुडबुडा बघायला लावते.

आपल्या वार्ताहरानं एकदा तरी दोनशे मीटरवरच्या लोखंडी ताटलीवर कोणी मारत असताना शेजारी बसावं. चाप ओढला की बारीकसा टप् होतो, खांद्याला धक्का म्हणावा असा काही लागतच नाही. मग शांतता. गोळी अजून वाटेत असते. पाऊण सेकंदाच्या आतबाहेर ती पोचते, आणि ताटलीचा टण् आपल्यापर्यंत परत यायला आणखी अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. असा सव्वा सेकंद कानात जीव गोळा करून बसायचं. सकाळचं कोवळं ऊन पाठीशी असेल तर दुर्बिणीतून गोळी चक्क दिसते. करडा ठिपका आधी वर चढतो, मग वाऱ्याच्या बाजूला झुकत खाली ताटलीकडे उतरतो. वर्गात फळ्यावर हजार वेळा काढलेला तो वक्र मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तेव्हा पुढची गोळी भरायचं भान राहिलं नव्हतं.

वाऱ्याचं तर विचारू नका. सेकंदाला साडेचार मीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतील एवढाच. तो या गोळीला शंभर मीटरवर दहाएक सेंटिमीटर ढकलतो. दोनशेवर ढकलतो चाळीसच्या जवळपास. अंतर दुप्पट झालं की वारा चौपट लागतो. मोठ्या रायफलीला एवढा वारा चारशे मीटरच्या आसपास लागतो. ज्यांना मोठं मैदान कधी मिळणार नाही, त्यांना अर्ध्या जागेत तेवढाच वारा शिकायला मिळतो, हे केवढं मोठं आहे!

मी काठ्यांना लोकरीचा धागा बांधून तीन ठिकाणी रोवते: एक चटईजवळ, एक मधे, एक टार्गेटपाशी. बहुतेक वेळा तिन्ही धागे तीन दिशा सांगतात. कुणाचं ऐकायचं? माझं मत असं की चटईजवळच्या धाग्याकडे आधी बघावं. तिथे गोळीला दिलेली दिशा पुढचं सगळं अंतर तिच्याबरोबर जाते. पण मधल्या खोलगट भागात वारा अचानक पडतो तेव्हा हे गणित फसतं, आणि तिथे नुसता सराव कामाला येतो. ऊन चढलं की दुर्बिणीत मृगजळ थरथरायला लागतं, ते कुठल्या बाजूला वाहतंय त्यावरूनही वारा जोखता येतो. ते उकळत्या पाण्यासारखं सरळ वर जात असेल तेव्हा थांबावं, कारण वारा बाजू बदलण्याच्या बेतात असू शकतो.

आता एक गोष्ट सांगते, ती मला अजून टोचते. माझ्याकडे पंधरा वर्षांची एक मुलगी शिकायला होती. पन्नास मीटरवर तिचे ग्रुप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या गोळ्यांचे पुंजके, सुंदर यायचे. दोनशेवर गेली की गोळ्या आडव्या अजिबात पसरायच्या नाहीत, पण वर-खाली वीतभर लांब पट्टी पडायची. मी तिला महिनाभर सांगत राहिले की तू श्वास अर्धवट सोडतेस. ती मान हलवायची आणि पुन्हा मारायची. पुन्हा तीच पट्टी. एका संध्याकाळी पाहिलं तर ती रायफल पुसता पुसता रडत होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिची रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून मारली. तशीच पट्टी पडली. मग वेगमापक लावला. काही गोळ्या ३२२च्या आसपास, काही ३३०च्या. डब्याच्या तळाशी पाहिलं तेव्हा उलगडा झाला. दोन वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांची, काडतुसं मीच सोयीसाठी एका डब्यात ओतली होती.

वेगातला तेवढा फरक पन्नास मीटरवर पाच-सहा मिलिमीटरचा असतो, एवढ्याशा ग्रुपमध्ये तो लपून जातो. दोनशेवर तोच नऊ-दहा सेंटिमीटर होतो. मुलीचा श्वास पहिल्यापासून चोख होता. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक वहीत तारखेच्या शेजारी लॉट नंबर लिहिलेला असतो.

हे इतकं नाजूक का, तेही सांगायला हवं. मोठ्या रायफलीचं काडतूस नेमबाज स्वतः पुन्हा भरू शकतो, दारू तोलून घालू शकतो. रिमफायरच्या पुंगळीची बुडाची कडच पोकळ असते, तिच्यात पेट घेणारं मिश्रण भरलेलं असतं, आणि रायफलीतल्या टाचणीनं ती कड चेचली की काडतूस उडतं. चेचलेली पुंगळी परत कामाची नाही. त्यामुळे आपण पूर्णपणे कारखान्याच्या हातात असतो. एकच नाव, एकच डबा, तरी एका लॉटशी रायफलीचं जमतं आणि दुसऱ्याशी जमत नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन लॉट पारखायला जातात आणि जमला तो एकगठ्ठा घेतात. काडतुसं तोलून, कड मोजून वेगळी करणारेही आहेत. मी दोन वर्षं ते केलं. माझ्या मते तो वेळ चटईवर घालवलेला बरा.

गोळीवरच्या मेणाचंही असंच. साफ केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या भलतीकडेच जातात. नळीत मेणाचा थर बसला की मग त्या एका जागी यायला लागतात. थंडीत तेच मेण कडक होतं, दारूही मंदावते, आणि कालचे क्लिक आज चालत नाहीत.

शंभर यार्डांवर छोटी रायफल मारणं ही काही आजची टूम नाही. १९०९पासून खेळल्या जाणाऱ्या ड्युअर नावाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात निम्म्या गोळ्या पन्नास यार्डांवर आणि निम्म्या शंभरावर मारतात. पन्नास मीटरलाही कोणी सोपं समजू नये. तिथला दहा गुणांचा वर्तुळठिपका १०.४ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जागतिक सुवर्णपदक मिळवलं ते याच रायफलीनं, पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारण्याच्या प्रकारात. लंडन ऑलिंपिकला २०१२ साली जॉयदीप कर्माकर प्रोनमध्ये चौथे आले. स्वप्नील कुसाळे यांचं २०२४चं पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्यही याच रायफलीचं, तीन पोझिशनमधलं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारण्याचं. ज्या रायफलीनं ही नावं घडवली, तिला आपल्याच पानावर शिकाऊ म्हणावं याचं वाईट वाटतं.

२०१६च्या रिओनंतर नुसतं प्रोन ऑलिंपिकमधून गेलं. तेव्हापासून पडून, तासभर वारा जोखत मारण्याची विद्या शिकायला मुलं येईनाशी झाली. पदक नाही तिथे पालक मुलांना पाठवत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण दोनशे मीटरची लोखंडी ताटली दाखवली की तीच मुलं संध्याकाळपर्यंत उठत नाहीत, हे मी पाहते आहे.

एक गोष्ट मात्र लेखात यायलाच हवी होती. ही गोळी छोटी आहे म्हणून निरुपद्रवी समजू नये. ती दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. शिशाची गोळी दगडावर, कडक जमिनीवर किंवा पाण्यावर तिरकी आपटली की उसळून कुठेही जाते. मागे उंच, मऊ मातीचा बांध नसेल, लाल झेंडा आणि मैदानावर लक्ष ठेवणारा माणूस नसेल, तर दोनशे मीटरचं नाव काढू नये. मोकळ्या रानात डबे ठेवून मारणाऱ्यांना मी माझ्या चटईवर घेत नाही. लोखंडी ताटलीही खाली झुकलेली टांगावी, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीत जातात.

तेव्हा विनंती अशी की, या रायफलीवर स्वतंत्र लेख छापावा. ज्या रेंजांवर बांध आणि जागा दोन्ही आहेत, पण छोटी रायफल पन्नासच्या पुढे नेऊ देत नाहीत, त्यांच्या चालकांना आपल्या वार्ताहरानं कारण विचारावं. लिहिण्याआधी त्यानं एक सकाळ चटईवर घालवावी, ऊन चढायच्या आत, वारा उठत असतो तेव्हा. रायफल आणि एकाच लॉटची काडतुसं मी देईन. वर उल्लेख केलेली मुलगी आता मोठी झाली आहे. शेजारी बसून वारा सांगायला ती तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका आणि नेमबाज