मस्कतला न्यायचे तर सकाळी न्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आखाती सहलींच्या जाहिराती सध्या रोज दिसतात, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान एका सहल कंपनीबरोबर दुबई-मस्कतला गेलो होतो. ओमानची राजधानी असलेल्या मस्कतच्या वाट्याला एकच दिवस, त्यातली सकाळ मॉलमध्ये गेली. सुलतान काबूस मशिदीशी बस पोहोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. इतर धर्मीयांना तिथे सकाळी आठ ते अकरा एवढाच प्रवेश, शुक्रवारी तोही नाही. फाटकातूनच परत फिरलो. मग मस्कतमधल्याच मत्रह भागातल्या बाजारात उतरवले दुपारी दीडला, म्हणजे बहुतेक दुकाने चारपर्यंत बंद असतात त्या वेळी. आमच्याबरोबरच्या सत्तरीच्या एक काकू समुद्राकडच्या कठड्यावर उन्हात बसून राहिल्या. वर्षभर पेन्शनमधून बाजूला काढलेले पैसे होते त्यांचे.

यंदाच्या थंडीत लेकीकडे मस्कतमधल्या रुवीला दोन महिने राहिले, तेव्हा कळले आमचे काय हुकले होते.

सकाळी सातला मत्रहच्या मासळी बाजारात जावे. मी रत्नागिरीची, मासळी बघत वाढले. तरी तिथली हातभर लांब सुरमई बघून थांबलेच. तिला तिथे कनद म्हणतात. कापणारे वेगळे बसतात, हवे तसे तुकडे करून देतात. बाहेर पडले की समोर बंदर, मागे बोडके काळपट डोंगर आणि त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला. तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने चालत दहा मिनिटांत सूक, म्हणजे जुना बाजार. बोळ इतके अरुंद आणि झाकलेले की जुने लोक त्याला अंधाराचा बाजार म्हणतात. एका दुकानदाराने लोबानाचा हिरवट खडा मातीच्या रंगीत धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर ठेवला. आपल्या उदापेक्षा हा वास हलका, लिंबासारखा. उत्तम लोबान ओमानच्या दक्षिणेतल्या धोफारमधून येतो, असे त्याने हिंदीतच समजावले. कच्छचे व्यापारी पिढ्यान् पिढ्या इथे आहेत आणि १९७० पर्यंत ओमानात रुपया चालत होता, त्यामुळे भाषेची अडचण अशी येतच नाही.

मशीद दुसऱ्या दिवशी पाहिली. डोके, हात, पाय झाकलेले हवेत. साडीवर लांब बाह्यांचे काही घालून पदर डोक्यावरून घ्यावा. ती २००१ साली खुली झाली. बांधकामाचा दगड आपल्या भारतातून गेलेला. आतला गालिचा २१ टनांचा, इराणमधल्या सुमारे ६०० बायकांनी चार वर्षे विणलेला. यजमान गुडघेदुखी विसरून तासभर फिरले.

परत आल्यावर त्या काकूंना लोबानाची पुडी द्यायला गेले. त्यांनी आधी विचारले, "मशीद आतून कशी आहे गं?"

सहल आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. मस्कतचा दिवस मॉलपासून सुरू करू नका. आठला मशीद, मग थेट मत्रह, आणि दुपारी हॉटेलवर विश्रांती, इतकाच बदल करायचा आहे. आणि पैसे भरणाऱ्यांनो, मशिदीत किती वाजता नेणार, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी